बिलावर लाल-काळी छपाई केल्याने फेरफार थांबेल का? (थर्मल प्रिंटर, कृषी सेवा केंद्र)

प्रश्न : कृषी सेवा केंद्रचालक, तासगाव तालुका

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमचे कृषी सेवा केंद्र आहे. खते, बियाणे, कीटकनाशके, बुरशीनाशके आणि ठिबकचे किरकोळ सामान असा आमचा व्यवहार असून गिऱ्हाईक बहुतांशी द्राक्ष बागायतदार आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून बेदाण्याचे पैसे हाती येईपर्यंत बराचसा माल उधारीवर जातो. त्यामुळे आमच्या काउंटरवरून दोन प्रकारचे कागद बाहेर पडतात. एक माल विकल्याचे बिल आणि दुसरी, शेतकऱ्याने उधारीपोटी रक्कम भरली की त्याला दिली जाणारी जमा पावती. दोन्ही ८० मिलिमीटरच्या थर्मल रोलवर काळ्या रंगात छापली जातात.

गेल्या काही हंगामांत यातून तीन अडचणी उभ्या राहिल्या आहेत. पहिली परताव्याची आहे. सील न फोडलेली बाटली किंवा पुडा ठरावीक मुदतीत परत घेण्याची आमची पद्धत आहे. मात्र एकाच बिलावर एकदा मूळ कागद दाखवून आणि नंतर त्याच बिलाची झेरॉक्स दाखवून परतावा मागितल्याचे प्रकार घडले, आणि एका बिलावरची तारीख व नगांची संख्या बदलून ते नव्याने छापून आणल्याचेही आढळले. दुसरी अडचण जमा पावतीची आहे आणि ती मला अधिक टोचते. शेतकरी सांगतो की मी अमुक रक्कम भरली आहे, आमच्या खतावणीत ती दिसत नाही, आणि तो खिशातून जी पावती काढतो ती पूर्ण पांढरी पडलेली असते. अशा वेळी शेतकरी खोटे बोलतो असे मला मुळीच म्हणायचे नाही, कारण काउंटरवर नोंद राहून जाणेही शक्य असते. परंतु कागदच मुका झाल्यावर त्याचे म्हणणे सिद्ध होत नाही आणि आमचेही होत नाही, आणि वर्षानुवर्षांचे संबंध त्यात नासतात. तिसरी अडचण अशी की बॅच नंबर, वापराची अंतिम मुदत आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी बिलावरच्या बारीक अक्षरांत हरवून जातात.

एका विक्रेत्याने मला दोन रंगांत छापणारा थर्मल कागद सुचवला आहे. त्याच्या म्हणण्यानुसार लाल-काळ्या बिलाची नक्कल करता येत नाही आणि महत्त्वाचा मजकूरही चटकन दिसतो. हा कागद नेमका कसा काम करतो, माझ्या सध्याच्या प्रिंटरवर तो चालेल का, आणि मुख्य म्हणजे बिलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचा खरोखर किती उपयोग होतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. खर्च करण्यास माझी तयारी आहे, मात्र तो योग्य ठिकाणी व्हावा एवढीच इच्छा आहे.

उत्तर : बिलिंग मशीन विक्री व दुरुस्ती, मिरज

आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सुरुवात कागदापासूनच करतो. थर्मल छपाईत शाई नसते. कागदाच्या एका बाजूला जो लेप असतो, त्यात एक रंगहीन रंजक आणि त्याला रंगात आणणारे आम्लधर्मी द्रव्य असे दोन घटक बारीक कणांच्या रूपात शेजारी शेजारी बसवलेले असतात. प्रिंटरच्या हेडवर सूक्ष्म तापकांची एक ओळ असते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या २०३ डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात २०३ ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरमध्ये एका मिलिमीटरला असे ८ तापक बसतात. त्यांतला हवा तो तापक क्षणभर तापला की त्याखालचा लेप वितळतो, दोन्ही घटक एकमेकांत मिसळतात आणि तेवढाच ठिपका काळा होतो.

दोन रंगांच्या कागदात वेगवेगळ्या तापमानाला खुलणारी दोन रंजके असतात. हेडने थोडी उष्णता दिली तर फक्त लाल खुलतो (काही कागदांत लालऐवजी निळा असतो), आणि जास्त उष्णता दिली तर काळा उमटतो. यातही दोन जाती आहेत. एकीत काळा रंग लालावर चढतो, म्हणजे दोन्ही मिसळून गडद छटा तयार होते. दुसरीत जास्त उष्णतेला लाल रंग विरून जाईल अशी द्रव्ये लेपात घातलेली असतात, त्यामुळे काळा अधिक स्वच्छ दिसतो. नमुना मागवाल तेव्हा भिंगाखाली काळ्या अक्षरांच्या कडा अवश्य पाहा. अक्षराच्या कडेला उष्णता कमी पोहोचते, त्यामुळे तिथे बारीक लालसर किनार उमटते. ठळक अक्षरांत ती खपून जाते, पण बारीक टायपात छापलेला बॅच नंबर तिच्यामुळे वाचायला त्रासदायक होऊ शकतो.

सध्याच्या प्रिंटरविषयी सांगायचे तर नुसता रोल बदलून काम होणार नाही. एकाच ओळीतल्या वेगवेगळ्या ठिपक्यांना कमी-अधिक उष्णता देण्याची सोय प्रिंटरच्या आतच असावी लागते, आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरला रंग निवडण्याची आज्ञा पाठवता यावी लागते. एप्सनच्या टीएम-टी८८ मालिकेतल्या काही प्रिंटरमध्ये ही सोय आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांत ती नसते, आणि तिथे असा कागद घातला तर सगळाच मजकूर काळा किंवा मळकट लाल उमटतो. दोन रंगांत छापताना वेग कमी होतो हेही लक्षात घ्यावे. हंगामात काउंटरवर रांग लागलेली असताना हा फरक जाणवतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. लाल-काळ्या बिलाची नक्कल करता येत नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारू नये. रंगीत झेरॉक्स आज तालुक्याच्या गावीही मिळते आणि तिच्यात लाल अक्षर लालच येते. खरा फरक पडतो तो कागदाच्या प्रकृतीमुळे. झेरॉक्स साध्या कागदावर निघते, आणि साध्या कागदाला ही उष्णतेची भाषा कळत नाही. बिलाच्या कोऱ्या कोपऱ्यावर नखाने जोरात ओरखडा ओढला तर थर्मल कागदावर घर्षणाच्या उष्णतेने रेघ उमटते, झेरॉक्सवर काहीच होत नाही. ही परीक्षा तुमच्या आताच्या एकरंगी कागदावरही होते, आणि तिच्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. काउंटरवरच्या प्रत्येक मुलाला ती शिकवून ठेवावी. झेरॉक्स दाखवून परतावा मागण्याचा आपला पहिला प्रकार बऱ्याच अंशी एवढ्यावरच अडतो.

जो माणूस साधा थर्मल रोल आणि छोटा प्रिंटर आणून बिल नव्याने छापतो, त्याच्यापुढे नखाची परीक्षा हरते, कारण त्याचाही कागद थर्मलच असतो. तिथे दोन रंगांचा कागद थोडा उपयोगी पडतो, कारण तो स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळत नाही आणि त्याला लागणारा प्रिंटरही सर्वांकडे नसतो. पण हेच काम त्याहून कमी खर्चात करण्याचा एक मार्ग आहे. रोलच्या मागच्या बाजूला, म्हणजे लेप नसलेल्या बाजूला, छापखान्यातून दुकानाचे नाव आणि बारीक नक्षी फिक्या रंगात छापून घेता येते. त्या नक्षीत अतिसूक्ष्म अक्षरांची ओळ घातली तर झेरॉक्समध्ये ती फुटते. मात्र छापखान्याला आधीच बजावून ठेवावे लागते की शाई वाळवण्यासाठी उष्णता वापरायची नाही, नाहीतर समोरची बाजू काळवंडलेला रोल घरी येईल. लेपाच्या बाजूवर साध्या शाईने काही छापू नये. तिथे छपाई नीट उठत नाही आणि हेडही घाण होते.

उत्तर : दुकानांसाठी हिशेबप्रणाली तयार करणारा, सांगली

वरील उत्तरात कागदाविषयी जे सांगितले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मला त्यापुढचे सांगायचे आहे. कागद कितीही चांगला असला तरी तो इतकेच सांगतो की हा तुकडा बहुधा तुमच्या दुकानातला आहे. त्यावरचा आकडा खरा आहे की नाही आणि या बिलावर आधी परतावा दिला गेला आहे की नाही, हे फक्त तुमची कीर्द-खतावणी सांगू शकते. म्हणून बिल पाहणाऱ्याला त्या नोंदीपर्यंत चटकन पोहोचवेल असे काहीतरी बिलावर असले पाहिजे.

यासाठी तपासणी अंकाची पद्धत वापरावी. बिल क्रमांक, तारीख, ग्राहकाचा खातेक्रमांक, नगांची संख्या आणि एकूण रक्कम एवढ्या गोष्टी घ्यायच्या, त्यांना फक्त तुमच्या प्रणालीला ठाऊक असलेली एक गुप्त किल्ली जोडायची, आणि त्यावर एचमॅक या नावाने ओळखली जाणारी गणिती प्रक्रिया चालवून तिच्या निकालातून सहा आकडी अंक काढून बिलाच्या तळाशी छापायचा. समजा एका बिलाची रक्कम ४,३६० रुपये आहे आणि तपासणी अंक ७३०-४१८ आला आहे. कोणी त्या ४,३६० चे ४,८६० केले तर नव्या रकमेचा अंक पूर्णपणे वेगळा येईल, आणि किल्ली हाती नसल्याने तो काढणे त्याला जमणार नाही. अंदाजाने ठोकून दिला तर तो जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकीच राहते. ही किल्ली काउंटरच्या संगणकावर उघड्या फाइलमध्ये ठेवू नये आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाला ती माहीत असेल तर बदलावी. मात्र जुन्या बिलांच्या पडताळणीसाठी जुनी किल्ली जपून ठेवावी लागते, हे पुष्कळ जण विसरतात.

तपासणी अंकाने फेरफार कळतो, पण हुबेहूब प्रत कळत नाही, कारण प्रतीवर तोच खरा अंक असतो. तुमची पहिली अडचण, म्हणजे एका बिलावर दोनदा परतावा, नोंदीनेच सुटेल. प्रत्येक बिलाच्या प्रत्येक ओळीपुढे किती नग परत घेतले याची नोंद प्रणालीत हवी, आणि परतावा देताना बिल क्रमांक टाकल्याखेरीज पुढची खिडकी उघडताच कामा नये. त्याच वेळी मूळ कागदावर पेनाने आडवी रेघ मारून तारीख घालावी. एखाद्याने बिल हरवल्याचे सांगून पुन्हा मागितले तर नव्याने छापलेल्या कागदावर ‘दुय्यम प्रत’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आले पाहिजेत आणि ते काढून टाकण्याची सोय काउंटरवरच्या माणसाकडे असता कामा नये. दोन रंगांचा प्रिंटर घ्यायचाच असेल तर माझ्या मते लाल रंगाचा सर्वांत सार्थ उपयोग या दोन शब्दांसाठी आहे.

जमा पावतीबद्दल एक आग्रहाची सूचना आहे. आज जमा झालेली रक्कम एवढेच त्यावर छापू नका. पूर्वीची बाकी, आज जमा आणि आजअखेर बाकी असे तीनही आकडे छापा. असे केले की प्रत्येक पावती तिच्या आधीच्या पावतीची साक्ष देते. मधली एखादी पावती पुसली किंवा हरवली तरी पुढच्या पावतीवरच्या ‘पूर्वीची बाकी’ या आकड्यावरून ती रक्कम खात्यात धरली होती की नव्हती हे समजते, आणि नोंद राहून गेली असेल तर शेतकऱ्याच्या ते पुढच्याच फेरीला लक्षात येते. वाद हंगामाच्या शेवटी साचून येण्याऐवजी आठवड्या-दोन आठवड्यांत मिटतो. याच तीन आकड्यांचा संदेश त्याच्या मोबाइलवर गेला तर उत्तमच. दुकानाच्या नावाने एसएमएस पाठवायचा असल्यास ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी नोंदणी करून संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

उत्तर : द्राक्ष बागायतदार, पलूस तालुका

दुकानदार मंडळींनी शेतकऱ्याच्या बाजूनेही हा विषय मांडला याचे समाधान वाटले, म्हणून लिहितो आहे. आमच्याकडे बिलाचे आयुष्य कसे जाते हे आपण पाहिले तर पुष्कळशी उत्तरे तिथेच मिळतील. बिल घेतले की ते मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली जाते आणि एप्रिल-मेच्या उन्हात तिथेच भाजते. घरी पोहोचलेच तर पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बसते. औषध हाताळलेले तेलकट बोट, सॅनिटायझरचा थेंब, घाम, यांतले काही ना काही त्याला लागतेच. माझ्या एका शेजाऱ्याने बिल जपायचे म्हणून लॅमिनेशन करून घेतले, तर यंत्राच्या उष्णतेने अख्खा कागद काळा होऊन बाहेर आला. थर्मल बिलाला लॅमिनेशन चालत नाही आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ते फिके पडते, हे दुकानात एखाद्या पाटीवर लिहिले तरी फार उपकार होतील.

आम्हाला बिल परताव्यापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी अधिक लागते. निर्यातीच्या बागेत कोणते औषध कधी मारले याची नोंद ठेवावी लागते, रासायनिक अवशेषांची तपासणी होते, आणि अवशेष मर्यादेबाहेर सापडला तर सगळ्या हंगामाची मेहनत धोक्यात येते. औषध निकृष्ट निघाल्याची तक्रार करायची झाली तरी पहिल्यांदा बॅच नंबर असलेले बिल मागतात. त्यामुळे लाल रंग परवडणार असेल तर काढणीपूर्व कालावधीचे दिवस लाल चौकटीत छापा. बाटलीवरच्या बारीक माहितीपत्रकापेक्षा बिलावर मोठ्याने छापलेला तो आकडा फवारणी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत भरेल. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नका. आमच्या भावकीतच लाल आणि हिरवा वेगळे न ओळखणारे दोघे आहेत. चौकट असेल, अक्षर मोठे असेल आणि शेजारी ‘काढणीपूर्वी इतके दिवस फवारू नये’ असे सरळ वाक्य असेल तर रंग दिसो वा न दिसो, अर्थ पोहोचतो.

उत्तर : कर सल्लागार, सांगली

कायद्याच्या अंगाने काही बाबी नोंदवतो, कारण त्यांवरून कोणता कागद कुठे वापरावा हे ठरवणे सोपे जाईल.

आपल्या धंद्यात बिल देणे हे सौजन्य नसून बंधन आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार खतविक्रीचे बिल ‘एम’ नमुन्यात द्यावे लागते. कीटकनाशक नियम, १९७१ च्या नियम १५ मध्ये आणि बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ मध्येही विक्रीची पावती देण्याची तरतूद आहे. अनुदानित खतासाठी आधार पडताळणीच्या पीओएस यंत्रातून जी चिठ्ठी निघते, तीही थर्मल कागदाचीच असते हे आपण जाणताच. वस्तू व सेवा कर नियमावलीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरचिन्हांचा असला पाहिजे. तपासणी अंक याच क्रमांकात घुसडू नये, तो वेगळ्या ओळीवर छापावा. हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. इतका काळ थर्मल प्रतीच्या भरवशावर राहू नये. आपली स्थळप्रत संगणकात आणि तिची दुसरी प्रत दुकानाबाहेर ठेवावी. संगणकीय नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडायची वेळ आल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

परताव्याची मुदत बिलावर स्पष्ट छापा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे लाल अक्षरांत छापले म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

जमा पावतीबाबत माझे मत थोडे कठोर आहे. तिच्यासाठी थर्मल कागद, एकरंगी असो वा दोनरंगी, वापरूच नये. ५,००० रुपयांवरच्या रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही करायची असते, आणि थर्मल लेपावर डिंक किंवा चिकटपट्टी लागली की त्याखालचा मजकूर उडू लागतो. शिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यासाठी रिबनवर चालणारा डॉट मॅट्रिक्स पावती प्रिंटर घ्यावा. अशा प्रिंटरला लाल-काळी रिबन मिळते, म्हणजे दोन रंग हवेच असतील तर तेही साध्या कागदावर शाईने मिळतात. दुपदरी कार्बनरहित कागद घातला की एकाच ठोक्यात शेतकऱ्याची प्रत आणि आपली स्थळप्रत तयार होते, आणि दोन्हींवर सही घेता येते. आवाज होतो, वेग कमी आहे, पण जमा पावत्या दिवसाकाठी बिलांइतक्या निघत नाहीत.

प्रश्नकर्ता : कृषी सेवा केंद्रचालक, तासगाव तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जमा पावतीसाठी डॉट मॅट्रिक्स आणि तीन आकड्यांची पद्धत हे दोन्ही मला पटले आहे आणि ते याच हंगामापासून सुरू करतो. बिलासाठी मागच्या बाजूला नक्षी छापलेला रोल आणि तपासणी अंक यांची व्यवस्था करीत आहे. दोनरंगी थर्मल कागद मात्र एका काउंटरवर, फक्त कीटकनाशकांच्या बिलांसाठी वापरून पाहण्याचा विचार आहे. काढणीपूर्व कालावधीबाबत बागायतदार बंधूंनी जे लिहिले, ते वाचल्यावर त्याचा उपयोग सुरक्षिततेपेक्षा शेतकऱ्याच्या सावधगिरीसाठी अधिक होईल असे वाटते. आता दोन शंका उरतात. तपासणी अंक क्यूआर कोडमध्ये घालून तो लाल रंगात छापला तर नक्कल करणे आणखी अवघड होईल का? आणि या कागदाची साठवण आमच्या पत्र्याच्या गोदामात चालेल का?

उत्तर : बिलिंग मशीन विक्री व दुरुस्ती, मिरज

क्यूआर कोड लालमध्ये छापू नका. काउंटरवरचे बरेच स्कॅनर लाल प्रकाश टाकून कोड वाचतात, आणि लाल प्रकाशात लाल छपाई पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसते, म्हणजे स्कॅनरला तिथे काहीच सापडत नाही. मोबाइलचा कॅमेरा कदाचित वाचेल, पण दुकानातले यंत्र वाचणार नाही. कोड काळ्यातच ठेवा, त्याच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडा, आणि त्याखाली तपासणी अंक आकड्यांतही छापा, म्हणजे कोड चुरगळला तरी हाताने टाकता येईल. जे पुसले गेल्यास नुकसान होईल असे काहीही फक्त लालमध्ये ठेवू नका. बॅच नंबर, रक्कम, तारीख आणि अंक काळ्यात असावेत, आणि चौकट, मथळा व काढणीपूर्व कालावधीची सूचना लालमध्ये.

पत्र्याच्या गोदामात हा कागद अजिबात ठेवू नका. लाल रंग कमी उष्णतेला खुलतो, त्यामुळे साध्या थर्मल रोलपेक्षा या कागदाला उन्हाळ्यात अधिक जपावे लागते. रोल मूळ वेष्टनात, अंधाऱ्या कपाटात, शक्यतो २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत ठेवावेत. औषधांच्या बाटल्या असलेल्या कपाटात तर नकोच, कारण द्रावकांची वाफ लेपाला बाधते. एकदम मोठा साठा भरू नका. विक्रेत्याकडून आधी एकच रोल घ्या, त्यावर नेहमीचे खरे बिल छापा, आणि त्याच्या चार प्रती काढून एक खिडकीच्या उन्हात, एक प्लॅस्टिकच्या पाकिटात, एक गाडीच्या डिकीत आणि एक कपाटात ठेवा. महिनाभराने चारही शेजारी शेजारी मांडून बॅच नंबर वाचता येतो का ते पाहा आणि मगच खोक्याची ऑर्डर द्या. वरचा संरक्षक लेप असलेला कागद मिळत असेल तर त्याचाही एक नमुना याच कसोटीला लावा, कारण तेल आणि प्लॅस्टिक यांपासून तो लेप बराच बचाव करतो. बिसफेनॉल-ए (थर्मल लेपात वापरले जाणारे, आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन) नसलेला कागद आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातले त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांवर मर्यादित केले आहे, आणि तुमच्या काउंटरवरची मुले दिवसभर हाच कागद हाताळणार आहेत. प्रिंटरची सेटिंग मी करून देईन, फक्त येताना तुमच्या आताच्या बिलाचा एक छापील नमुना आणि सॉफ्टवेअरवाल्याचा संपर्क बरोबर आणावा.